दोन कोरडे दिवस

सलग दोन कोरडे दिवस लागतील,
पॉसलथ्वेट सोमवारी फोनवर म्हणाला,
जणू ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात
आणि मीच आणायला विसरले.

छपरावरची एक पाटी निसटली आहे.
इथे छपरं पाटीच्याच दगडाची,
ज्यावर अ-आ-ई गिरवलं त्याच जातीचा, काळा-निळा,
ओला झाला की उजळणारा.
जिन्याच्या वळणावर बादली ठेवली आहे.
टप.
मग इतका वेळ काहीच नाही
की वाटतं, थांबलं.
टप.

लँकेस्टरच्या एप्रिलला एक बाजू घेता येत नाही.
मंगळवारी सकाळी असं लख्ख ऊन
की रात्रपाळीवरून येताना कोट काढून हातात घेतला,
कुलपात किल्ली फिरेपर्यंत गारा.
साबुदाण्याएवढ्या, टणटणीत,
आणि समोरच्या मॅग्नोलियाच्या पाकळ्या
पायरीवर, बशा पुसून ठेवाव्यात तशा.
दहा मिनिटांनी पुन्हा ऊन,
आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून.
तळ्यात, मळ्यात, तळ्यात,
आणि दर वेळी बाद होणार मी.

शेजारच्या विनिफ्रेडबाईंचं म्हणणं,
त्यांच्या गुडघ्याला आदल्या रात्रीच कळतं,
हवामान खात्याला गुडघाच नाही.
बुधवारी गुडघा म्हणाला वारा,
वारा आला, नदीवरून, पुलांच्या कमानींखालून,
कचऱ्याचे डबे गल्लीभर लोळवत.
माझं झाकण सतरा नंबरच्या अंगणात,
कुणाचं तरी माझ्या. कुणीच बदलून घेतलं नाही.
पॉसलथ्वेटचा निरोप: या वाऱ्यात शिडी नको, लव्ह.
लव्ह तो सगळ्यांनाच म्हणतो, बसवाल्यालासुद्धा.
तरी मी तो निरोप पुसला नाही.

गुरुवारचं आठवत नाही, झोपले होते.
बादली निम्मी भरली होती, म्हणजे पडला असणार.

हे घर माझ्या एकटीच्या सहीवर आहे.
कागदावर सहीसाठी रेघा दोन होत्या,
दुसरीवर वकीलबाईंनी पट्टी लावून काट मारली.
तपासणीच्या अहवालात लिहिलं होतं,
छप्पर: वयाच्या मानाने ठीक.
मी हसले होते तेव्हा. त्रेचाळीस वर्षांत
माझ्याबद्दल कुणी एवढंही लिहून दिलं नव्हतं.

शुक्रवारी एकाएकी सगळं थांबलं.
छपरं वाफाळली. विनिफ्रेडबाईंनी
गुडघ्याला न विचारता चादरी वाळत घातल्या.
रात्री आभाळ इतकं मोकळं
की गाड्यांच्या काचांवर दहिवर गोठलं.

शनिवारी तो आला. एक कोरडा दिवस झाला होता,
हा दुसरा. शिडी लावली, चढला,
आधी डोकं गेलं, मग बूट.
मी खाली शिडी धरून, त्याचा चहा निवत होता.
वरून बराच वेळ काही आवाज नाही.
उतरला तो टोपी हातात घेऊन,
कुणाच्या घरात चुकून शिरल्यासारखा.

घरटं आहे, म्हणाला. स्टार्लिंग.
पाच अंडी, फिकट निळी.
(आपल्या साळुंकीची चुलत बहीण ती,
अंगावर गारा पडून तशाच राहिल्यासारखे ठिपके.)
पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही, कायदाच आहे.
जून धरा.
निदान वरून ताडपत्री?
नको, तिचं दार तेच आहे.
पैसे घेतले नाहीत. गार चहा घेतला, साखर तीन चमचे.

रविवारी ऊन, मग झिमझिम, मग दोन्ही एकदम.
बादलीच्या तळाशी मी जुना टॉवेल घातला.
आता टप नाही, थप.
वर काहीतरी सरकलं, काड्या असतील,
आणि लक्षात आलं, मी माझ्याच जिन्यावर
चवड्यांवर चालते आहे,
बाळंतिणीच्या खोलीवरून जावं तशी.

गुडघा म्हणतो, उद्या बर्फ.
दुसरी बादली लागणार.
ती मात्र मिळते, कोपऱ्यावरच्या दुकानात.